‘आई’च्या चिठ्ठीवरची चौथी ओळ

अण्णा, तुमचे पेढ्यांचे डबे मी उघडले. तुम्ही गेल्यावर सव्वीस वर्षं ते माळ्यावर पडून होते. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या एकेका डब्यात लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहिलेले शब्द, काशीतल्या मराठी घरांत बोलले जाणारे, अकारविल्हे लावलेले. उंदरांनी ‘ह’चा डबा संपवला आहे, बाकी सगळे शाबूत. मी ते वाचले, आणि त्यांत फेरफार केले. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या हयातीत तुमच्या चिठ्ठीला न विचारता हात लावायची कोणाची टाप नव्हती, आणि आता दोनशेच्या वर चिठ्ठ्यांवर मी तुमच्या साक्षीदाराच्या नावावर काट मारली आहे. तिथं आपल्या स्वयंपाकघरातल्या महराजिनीला लिहिलं आहे. शाई पक्की आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. मी बासष्ट वर्षांची झाले, मला रागावणारं माणूस आता जगात उरलेलं नाही, त्यामुळे थोडं बरंच वाटेल.

तुमच्या चिठ्ठीवर चार ओळी असत. पहिल्या ओळीत शब्द, दुसरीत अर्थ, तिसरीत मूळ, म्हणजे तो कुठल्या भाषेतून कसा आला ते, आणि चौथीत साक्ष, म्हणजे कोणाच्या तोंडून ऐकला त्या माणसाचं नाव आणि घर. साक्षीदाराशिवायचा शब्द म्हणजे अफवा, असं तुम्ही म्हणायचात. शिवाय विचारून काढलेला शब्द घ्यायचा नाही, बोलता बोलता सहज पडलेलाच घ्यायचा, कारण विचारलं की माणूस लगेच शुद्ध बोलायला लागतं. पाठशाळेतून सुटलात की तुम्ही शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर नाहीतर अहिल्याबाई घाटावर डोळे मिटून बसायचात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, गुरुजी जप करताहेत. तुम्ही चोरून ऐकत असायचात! एकदा कोणी म्हातारी आपल्या सुनेला ‘अगं, रोवळीतले तांदूळ निथळू देत’ म्हणाली, तर तुम्ही लहान मुलासारखे धावत घरी आलात आणि जोडे न काढता चिठ्ठी लिहायला बसलात. आत्यानं तुम्हाला त्यावरून फैलावर घेतलं होतं. तो तुमचा चेहरा मला फार आवडायचा, आणि मी भांडायला बसले असले तरी ते खोटं कशाला सांगू.

पण तुमचा आणखी एक नियम होता, जो तुम्ही कुठं लिहून ठेवला नाहीत. तो मला अकराव्या वर्षी बोलणी खाऊन कळला, आणि माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे.

आधी महराजिनीचं सांगते, कारण तुम्ही तिच्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. आई आजारी पडली तेव्हा ती आली. स्वयंपाक करणाऱ्या ब्राह्मण बाईला इथं महराजिन म्हणतात, तर तशी ही रामनगरकडची, लहानपणीच विधवा झालेली, तेव्हा जेमतेम पंचविशीची असेल. आत्यानं तिला पहिलं वर्षभर भाताला हात लावू दिला नाही. उत्तरेकडची ब्राह्मण असली म्हणून काय झालं, तिचं सोवळं ते सोवळं का, असा आत्याचा हिशेब. भाजी चिरायची, कणीक मळायची आणि आईच्या खोलीत बसायचं, एवढंच तिचं काम. आई अंथरुणावर पडल्या पडल्या तिच्याशी बोलत राही. हिंदी आईला धड येत नव्हती, सांगलीकडून लग्न होऊन आलेली, बाजारात कधी गेलीच नाही. तेव्हा मराठीत बोले. दूध वैलावर ठेव, वेळणीत कणीक काढ, एवढुस्सं मीठ घाल. वर्षाभरात महराजिनीला सगळं समजायला लागलं, मग बोलायला यायला लागलं. आणि मग आई गेली. मी पाच वर्षांची होते. माझ्यापाशी आईचा आवाज नाही, अण्णा. चेहरा फोटोतला आहे. ‘एवढुस्सं’ म्हणताना आई चिमूट कशी धरायची, ते मला महराजिनीच्या हातावरून माहीत आहे.

आई गेल्यावर त्या घरात एक गमतीची गोष्ट व्हायची, गमतीची म्हणजे आता वाटते तशी. ज्या शब्दानं हाक मारायला कोणी उरलं नव्हतं, तो शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू यायचा. महराजिन स्वतःशी तिच्या बोलीत बोलायची. ‘दूधवाला आई’, म्हणजे दूधवाला येईल. ‘पानी कब आई’, म्हणजे नळाला पाणी कधी येणार. खालची शेजारीण हिंदीत ओरडायची, ‘आई, आई, बिजली आई!’ म्हणजे आली. मला दोन्ही बोली कळत होत्या, मी काही बावळट नव्हते. तरी प्रत्येक वेळी मान वर व्हायची. तुमचीही व्हायची. मी पाहिलं आहे. पोथीवरून नजर उठायची, आणि मग तुम्ही चष्मा पुसायला लागायचात.

आता तो अकराव्या वर्षाचा दिवस. माझं अक्षर चांगलं म्हणून तुम्ही मला चिठ्ठ्या उतरवायला बसवलं होतं आणि एक शाईचं पेन दिलं होतं, हिरव्या टोपणाचं. घरात तोवर कोणाला पेन भेट मिळालं नव्हतं. मी ते झोपतानासुद्धा उशीखाली ठेवायची. स्वयंपाकघरात नुकताच गॅस आला होता, आत्या मोठ्या तोऱ्यात ‘बर्नर, बर्नर’ करायची. चूल कोपऱ्यात अजून होती. महराजिन डाळ उतरवता उतरवता मला म्हणाली, ‘बबुनी, जरा सरक, आमटी वैलावर ठेवते, गरम राहील.’ मी उडालेच. वैल! चुलीच्या अंगचं ते दुसरं, लहान तोंड. हा शब्द तुमच्या डब्यात नव्हता. मी धावत गेले, तुमच्यासारखीच, आणि चिठ्ठी लिहिली. चौथ्या ओळीत लिहिलं, महराजिन, आपलं घर. तुम्ही वाचलंत, पहिल्या तीन ओळींना मान डोलावलीत, आणि चौथीवर बोट ठेवलंत.

‘ही साक्ष चालणार नाही.’

‘का? मी विचारलं नव्हतं. आपण होऊन म्हणाली.’

‘तिनं शिकलेली भाषा आहे ती. तिच्या घरची नव्हे. शिकलेल्या बोलण्याला मूळ नसतं, आणि ज्याला मूळ नाही त्याची साक्ष काढत नाहीत. आत्याचं नाव घाल.’

‘पण आत्या तर बर्नर म्हणते.’

आवाज चढवायची तुम्हाला कधी गरज पडली नाही. तुम्ही नुसतं माझं नाव घेतलंत, पुरतं, आडनावासकट. मी ती पत्रिकेची पाठ फाडली, दुसरी घेतली, आणि हिरव्या टोपणाच्या पेनानं आत्याचं नाव लिहिलं. महराजिन दारात उभी होती, तिच्या हातात तुमचा चहा होता. तिनं तो ठेवला आणि गेली. पुढची सात वर्षं मी हेच करत राहिले. शब्द तिच्या तोंडचा, नाव आत्याचं. रोवळी, ओगराळं, गुरगुट्या भात, सांडशी, दुधाला विरजण लावायचे सगळे शब्द. तुम्ही शब्दाच्या बाबतीत इतके काटेकोर की एखाद्या काना-मात्रेसाठी रात्रभर तळमळायचात, आणि चौथ्या ओळीत धडधडीत खोटं लिहून घेताना तुमचा हात मात्र जपमाळेवर असायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तुमच्या ‘आ’च्या डब्यात आहे. साक्षीदार म्हणून तुम्ही स्वतःचंच नाव घालायला हवं होतं.

शब्दांचा कोश करणाऱ्या माणसाला त्याच्याच मुलीनं ‘आई’ची चिठ्ठी समजावून सांगू नये, पण सांगते. ती चिठ्ठी मला ‘आ’च्या डब्यात सहज सापडली, कारण तिचे कोपरे झिजून गोल झाले होते. तुम्ही ती सारखी काढत होतात. पाठ गच्च भरलेली, समासात तिरपं लिहिलेलं. मराठीत जन्मदात्री. हिंदीत ‘आली’. इथल्या बोलीत ‘येईल’. असमिया यात्रेकरूंकडून ऐकलं, त्यांच्यातही आई म्हणजे आईच. पुरीकडच्या एका बाईकडून, तिच्या भाषेत आई म्हणजे आईची आई. हनुमान घाटावरच्या तमिळ घरात आयी, य स्पष्ट. खाली खुणेनं लिहिलंय, एका जपानी विद्यार्थ्यानं सांगितलं की त्यांच्यात ‘आइ’ म्हणजे प्रेम, आणि पुढं कंसात तुमचा शेरा, ‘योगायोग, नोंद घेऊ नये.’ घेतलीत तर खरी! मुलं सांभाळणारी ‘आया’ पोर्तुगीजांनी आणली, तिचा आणि आईचा काही संबंध नाही, असं दोनदा अधोरेखित केलं आहे. आणि तिसऱ्या ओळीत मूळ. कुठं ‘आर्या’वरून आणलंत आणि खोडलंत, कुठं दक्षिणेच्या ‘आयी’वरून आणलंत आणि खोडलंत, शेवटी लिहिलंत, अनिश्चित.

मला तुमचं ते शिकवणं आठवतं. मांडीवर पाटी ठेवून तुम्ही म्हणायचात, सारखे दिसणारे शब्द भावंडं असतातच असं नाही. गंगेत दोन नावा शेजारी चालल्या म्हणून त्या एका घाटावरून निघाल्या असं समजू नये. मूळ बघावं. रूप फसवं, वापर त्याहून फसवा, मूळ तेवढं खरं. हे शब्दांबद्दल बोलत होतात तोवर ठीक होतं. पण तुम्ही माणसंही तशीच लावलीत, डब्याडब्यांत. मी चौतीस वर्षं स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काम केलं, अण्णा. पार्सल कुठून निघालं ते बारीक अक्षरात लिहितात आणि कुठं पोचवायचं ते मोठ्या अक्षरात, कारण हमालाला त्याच्याशीच काम असतं. तुमच्या ‘आई’ला स्वतःचं मूळ ठाऊक नाही, तुम्हीच ‘अनिश्चित’ लिहिलंत. म्हणून काय ती खोटी झाली? हाक मारली की कोणीतरी येतं, तेवढ्यावर तो शब्द कितीतरी पिढ्या चालला आहे. मग ज्या बाईनं तुमच्या मुलीला न्हाऊमाखू घातलं, तापात उशाशी बसली, तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्हाला चमच्यानं गुरगुट्या भात भरवला, तिच्याच मुळाची तुम्हाला एवढी काय पडली होती?

आणि त्या चिठ्ठीची चौथी ओळ कोरी आहे. सगळ्या डब्यांत मिळून ही एकच चिठ्ठी अशी. आधी मला वाटलं, विसरलात. मग लक्षात आलं, तुम्ही आणि विसरणार! तुमच्याच नियमानं तो शब्द घरात सहज कोणाच्या तोंडून पडायला हवा होता, आणि आपल्या घरात तो म्हणणारं कोणी नव्हतं. आत्याला मूल नव्हतं. मी पाचव्या वर्षापासून म्हणायचं बंद केलं होतं. पाय मुरगळला तर ‘अगं बाई’ म्हणायची, भाजलं तर ‘बाप रे’. माझी मुलगी मला मम्मी म्हणते. तेव्हा तुम्ही बाहेरच्या दहा ठिकाणचे अर्थ गोळा करत राहिलात आणि घरातल्या एका हाकेची वाट बघत राहिलात. माझ्याच तोंडून निघेल म्हणून का? मला याचा राग येतो. इतकी वर्षं वाट बघितलीत, पण मला जवळ घेऊन एकदा विचारलं नाहीत. नियम आड आला.

ही ओळ भरायची असं मी ठरवलं आणि गेल्या कार्तिकापासून दर मंगळवारी रामनगरला जायला लागले. महराजिन तिथं भाच्याकडे असते, तुम्ही गेल्यावर वर्षभरातच ती तिकडे गेली. पुलावरून ऑटोनं जाते, किल्ल्याच्या पुढं उतरते. ती अंगणात बाजेवर ऊन खात बसलेली असते. त्र्याऐंशी तरी झाली असेल. कान चांगले, गुडघे गेलेले. मी तिच्याजवळ बसून मटार सोलते आणि शालीखाली वही ठेवते. काही विचारत नाही, तुमचा नियम पाळते, कारण तो चांगला आहे. ती घरच्यांशी तिच्या बोलीत बोलते आणि माझ्याकडे वळली की मराठीत. इतक्या वर्षांत त्यात गंजाचा ठिपका नाही. एकदा मी म्हटलं, ‘महराजिन, तुझी मराठी माझ्यापेक्षा चांगली आहे, माझ्यात निम्मी हिंदी घुसली.’ तर मटाराचं टरफल बाजूला टाकत म्हणाली, ‘तुझ्या आईनं दिलेली आहे गं. मी काय घरून आणली होती? जपून ठेवली. तिची पोर मोठी होईल, तिला द्यायला नको?’

मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. आईचं स्त्रीधन म्हणून बांगड्या माझ्या लग्नात आत्यानं मला मोजून दिल्या, त्याचा केवढा गाजावाजा. आणि हे दुसरं स्त्रीधन माझ्या ताटात रोज वाढलं जात होतं, मी स्वतःच्या हातानं त्यावर दुसऱ्याचं नाव घालत होते.

माघात एका मंगळवारी थंडी फार होती. भाचेसून आतून निमोना घेऊन आली, वाटलेल्या हिरव्या मटाराची ती आमटी मला आवडते हे त्यांना माहीत आहे. महराजिनीला वाटलं, बरोबर लोणचं हवं. ‘तू बैस, तुला बरणी सापडायची नाही,’ असं भाचेसुनेला आपल्या बोलीत म्हणत ती बाजेवरून उठायला गेली आणि गुडघ्यातून कळ आली. तिनं बाजेची कड धरली आणि ओरडली, ‘आई गं!’

माझ्या हातातली वाटी खाली पडली. मी तिला धरून बसवलं. तिच्या भाषेत माणसं ‘अरे माई रे’ म्हणतात, तिची आई, तिची आजी, रामनगरची सगळी माणसं तेच म्हणत असणार. भाचेसून हसत मला म्हणाली, ‘दरद होला त इहे बोलेलीं. पहिले हमनी के लागे कि केहू आइल बा.’ दुखलं की हेच म्हणतात, आधी आम्हाला वाटायचं कोणी आलं आहे. मी महराजिनीचा गुडघा चोळत होते. ती म्हणाली, ‘काय बघतेस अशी? म्हातारपण आहे, दुखायचंच.’ कोणी शिकवून म्हटलेलं नाही, कोणी विचारून काढलेलं नाही. दुखण्यातून निघालेल्या शब्दाला याहून मोठी साक्ष कुठली असते, तुम्हीच सांगा. मी तिथंच, तिच्यासमोर, शालीखालच्या वहीतून चिठ्ठी काढली आणि तुमची कोरी ओळ भरली. तिनं विचारलं, ‘अण्णांची चिठ्ठी?’ मी म्हटलं, हो. ‘तेल वगैरे लागू देऊ नको हं,’ एवढंच म्हणाली.

आता भांडणाचं. कोश छापायचं एका संस्थेनं कबूल केलं होतं, संपादक पुण्याहून आले होते. गृहस्थ सभ्य, तुमच्याबद्दल आदर असलेले, पण उंटावरून शेळ्या हाकणारे. काशीत तीन दिवस राहिले आणि काशीच्या मराठीबद्दल मलाच सांगत होते. त्यांनी माझ्या दुरुस्त्या पाहिल्या आणि चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या.

‘ताई, भावना समजू शकतो. पण हा मराठी घरांच्या बोलीचा कोश आहे. मूळ भाषक हवा. दोनशे नोंदींना एका भोजपुरी बाईची साक्ष, आणि त्यातही ‘आई’ या शब्दाला? लोक हसतील हो.’

‘हसू देत. ती आमच्या घरातली होती आणि शब्द तिच्या तोंडचे आहेत. आधीची नावं खोटी आहेत.’

‘हे आपल्या दोघांतच राहू द्या. अण्णांचं नाव खराब होईल. वाटल्यास साक्षीची ओळच काढून टाकू, सगळ्याच नोंदींवरची. म्हणजे प्रश्नच मिटला.’

बघा अण्णा, केवढा तोडगा! तिचं नाव येऊ नये म्हणून सगळ्यांचीच नावं पुसायची. क्षणभर, खरं सांगते, मोह झाला. तुमची चाळीस वर्षांची मेहनत, कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक, पहिल्या पानावर तुमचा फोटो. पण मग तुम्हीच आठवलात, साक्षीदाराशिवायचा शब्द म्हणजे अफवा. मी त्यांना म्हटलं, ‘ओळ राहील. ती जशी आहे तशी राहील. नाहीतर छापू नका.’ त्यांनी चहा अर्धा ठेवला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, सध्या शक्य नाही. इथल्या मराठी मंडळातल्या दोघांनी मला रस्त्यात गाठून ऐकवलं की बापाचं कार्य पोरीनं बुडवलं, खाल्ल्या घरचे वासे मोजले. मी म्हटलं, वासे मोजले नाहीत, ज्यांनी घर उचलून धरलं त्यांची नावं घातली. ते गेले तरतरा निघून.

कोश मी इथंच छापते आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी लग्नपत्रिका छापतात त्याच छापखान्यात, माझ्या खर्चानं आणि माझ्या जबाबदारीवर. तिथले कंपोज करणारे गृहस्थ मोठे सज्जन आहेत, पण ‘ळ’ त्यांच्या बोटांना ठाऊक नाही. ओगराळ्याचं ओगराला होतं, वेळणीची वेलनी, मी रोज दुपारी शेजारी स्टूल टाकून बसते आणि एकेक ळ परत आणते. पुस्तक साधं असेल. तुमचं नाव वर असेल, संपादक म्हणून माझं नाव खाली, आणि प्रस्तावनेत चौथ्या ओळीची सगळी हकीकत, तुमच्या बोलण्यासकट. तुम्हाला लाज वाटेल असं त्यात बरंच आहे. मी ते मवाळ केलेलं नाही. तुमच्यावर माझी माया आहे आणि तरी केलेलं नाही, एवढं समजून घ्या किंवा नका घेऊ.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. कपाटात विजेच्या बिलांखाली पडेल. पण त्यात एक गोष्ट राहून जायला नको. परवा छापखान्यात ‘आ’चं पान निघालं, आणि कंपोज करणाऱ्यांनी पडद्यावर बोट ठेवून मला विचारलं, ‘मैडम, बाकी सब गवाहों का नाम है. इनका खाली महराजिन लिखा है. महराजिन तो काम हुआ. नाम क्या है इनका?’ मी म्हटलं, सांगते, आणि बाहेर येऊन गल्लीत उभी राहिले. मग भाचेसुनेला फोन केला. तिनं आधारकार्डाचा फोटो पाठवला, तेव्हा मला कळलं. तुम्ही तिला साक्षीदार मानलं नाहीत म्हणून मी तुम्हाला एवढं बोलले. पण जवळजवळ साठ वर्षांत तिचं नाव मीही कधी विचारलं नव्हतं.